क्विझसाठी कॅनन कुठलं धरायचं? (सांगली–सातारा सुपरहिरो क्विझ, नियमांची चर्चा)

विश्रामबाग (धागाकर्ता)

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत सांगली आणि सातारा मिळून सुपरहिरो क्विझ घ्यायचं नक्की झालंय. लेखी फेरी सांगलीत विश्रामबागला, अंतिम फेरी साताऱ्यात. दोघांचा संघ, लेखी फेरीत ४० प्रश्न, त्यातून सहा संघ पुढे. हॉल आणि प्रोजेक्टरचं बोलणं दुसऱ्या धाग्यावर चालू आहे, ते इथे नको. इथे एकच मुद्दा: उत्तर बरोबर की चूक हे कशाच्या आधारावर ठरवायचं? म्हणजे कॅनन, अधिकृत खरी धरायची गोष्ट, कुठली?

कच्च्या संचातले चार प्रश्न बघा. मार्व्हलमधल्या शील्ड या गुप्तहेर संस्थेचा एजंट फिल कोलसन जिवंत आहे का? ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’ची गोष्ट कुठल्या साली घडते? थॉरचा बाप ओडिन, त्याच्या खजिन्यातलं इन्फिनिटी गॉन्टलेट (शक्तीचे खडे बसवायचा हातमोजा) कुठून आलं? डीसीच्या ‘जस्टिस लीग’मधल्या स्टेपनवुल्फ या खलनायकाचा शेवट कसा होतो? चारही प्रश्नांना दोन-दोन उत्तरं निघतात आणि दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. मंचावर वाद नको, म्हणून आत्ताच भांडून घेऊ.

अजिंक्यतारा

मार्व्हलपुरतं तरी हे सोपं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मार्व्हल स्टुडिओजचं अधिकृत टाइमलाइनचं पुस्तक आलं. प्रस्तावनेत स्टुडिओचे प्रमुख केविन फायगी यांनी साफ म्हटलंय की दुसऱ्या काळात दुसऱ्या लोकांनी केलेल्या गोष्टी मार्व्हलच्या आहेतच, पण या पुस्तकातला क्रम फक्त मुख्य टाइमलाइनचा आणि फेज ४ (सिनेमांचा चौथा टप्पा) पर्यंतचा आहे. यादीत आहे ते घ्यायचं, नाही ते सोडायचं. कोलसन २०१२ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये लोकीच्या हातून मेला. विषय संपला.

कोलसनला परत जिवंत दाखवणारी टीव्ही मालिका ‘एजंट्स ऑफ शील्ड’ बाहेर का राहिली तेही सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की हे कुणाच्या तरी लहरीवर झालं. सिनेमे एका घरात बनत होते आणि मालिका मार्व्हल टेलिव्हिजन नावाच्या दुसऱ्या घरात. २०१५ मध्ये फायगी थेट डिस्नेच्या हाताखाली गेले आणि दोन घरांमधली भिंत आणखी जाड झाली. २०१९ च्या शेवटी मार्व्हल टेलिव्हिजन स्टुडिओत विलीन झालं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मालिकेने सिनेमाकडे बघून लिहायचं, सिनेमाने मालिकेकडे बघायची गरज नाही, अशी एकाच बाजूची वाहतूक. ती जमली तेव्हा फार सुंदर जमली: ‘विंटर सोल्जर’ ४ एप्रिल २०१४ ला आला, शील्ड आतून पोखरलेली निघाली, आणि ८ एप्रिलच्या १७ व्या भागात मालिका त्याच धक्क्यावर उभी राहिली. पण ‘इन्फिनिटी वॉर’ला ते जमलं नाही. सिनेमा एप्रिल २०१८ चा, मालिकेचा पाचवा सीझन त्याच वर्षी मे महिन्यात संपला. सहावा सीझन ‘एंडगेम’ लोकांसमोर यायच्या आधीच चित्रित झालेला, त्यामुळे अर्धं जग नाहीसं झालेलं त्यात दिसतच नाही. एवढी मोठी घटना ज्या जगात घडलेली नाही, ते जग तेच कसं धरायचं?

हरिपूरकर

अजिंक्यतारादादा, माहिती सगळी पटली, निष्कर्ष नाही पटला. यादी ही शेवटची पायरी असते, पहिली नव्हे.

नेटफ्लिक्सवरची ‘डेअरडेव्हिल’ एप्रिल २०१५ ची. ती आणि तिच्या जोडीच्या मालिका कित्येक वर्षं यादीत नव्हत्या. डिस्नेने त्या अधिकृत क्रमात घातल्या जानेवारी २०२४ मध्ये. पण डिसेंबर २०२१ मध्येच मॅट मर्डॉक (हाच डेअरडेव्हिल) ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’मध्ये पीटर पार्करच्या, म्हणजे स्पायडर-मॅनच्या घरी बसून खिडकीतून आलेली वीट हातात झेलतो, आणि त्याच महिन्यात ‘हॉकआय’मध्ये ‘डेअरडेव्हिल’चा खलनायक फिस्क येतो. म्हणजे आधी गोष्टीने गोष्टीला आपलं म्हटलं, यादी मागून आली. तुमच्या नियमाने २०२३ मध्ये क्विझ घेतलं असतं तर ‘डेअरडेव्हिल’चं उत्तर चूक आणि २०२४ मध्ये तेच बरोबर.

कॉमिक्समध्ये तर हे जुनंच आहे. क्रिप्टोनाइट आधी १९४३ मध्ये सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेत आलं, कॉमिकमध्ये १९४९ ला. हार्ली क्विन १९९२ च्या बॅटमॅनच्या अ‍ॅनिमेटेड मालिकेतली, मुख्य कॉमिक्सच्या जगात शिरली १९९९ मध्ये. आणि सगळ्यात ठळक उदाहरण बार्बरा गॉर्डनचं, म्हणजे बॅटगर्लचं. १९८८ च्या ‘द किलिंग जोक’मध्ये जोकर तिला गोळी घालतो. ते पुस्तक सुटं, एका बैठकीत वाचून संपणारं. पण १९८९ मध्ये ‘सुइसाइड स्क्वॉड’च्या २३ व्या अंकात ओरॅकल नावाची कुणीतरी संगणकावरून मदत करू लागली, आणि ती व्हीलचेअरवरची बार्बरा निघाली. ती गोळी पक्की झाली ती ओरॅकलमुळे. माझा नियम असा: नंतरच्या गोष्टीने जे वापरलं ते आत.

मिरजेची_सतार

‘वापरलं’ म्हणजे नक्की काय ते आधी ठरवा. नट तोच आला म्हणजे गोष्ट आली असं होत नाही. जे. के. सिमन्स जुन्या स्पायडर-मॅन सिनेमांत जेमसन (वर्तमानपत्राचा संपादक) होते, ‘फार फ्रॉम होम’मध्येही जेमसनच आहेत, पण माणूस वेगळा, जग वेगळं. ‘इनह्यूमन्स’ मालिकेतला ब्लॅक बोल्ट ‘मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस’मध्ये त्याच नटाने केला, पण तो ८३८ क्रमांकाच्या, म्हणजे वेगळ्याच समांतर जगातला. उलट नट बदलला म्हणून गोष्ट बाहेर जात नाही. २००८ च्या हल्कचा नट पुढे बदलला, तरी त्याच सिनेमातला अबॉमिनेशन ‘शांग-ची’मध्ये आला आणि सॅम्युअल स्टर्न्स थेट २०२५ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये.

चेहऱ्याला शून्य गुण द्या. आधीची घटना पात्राला आठवते का, तिचा परिणाम पुढे दिसतो का, तेवढंच मोजा.

हरिपूरकर

ताई, शंभर टक्के मान्य. मग ‘डेअरडेव्हिल’ या कसोटीवर उतरते का? मार्च २०२५ च्या ‘बॉर्न अगेन’मध्ये पॉइनडेक्स्टर आहे, फॉगी आणि कॅरन आहेत, त्यांच्यातलं जुनं वैर सगळं जिवंत आहे. उतरते.

‘एजंट कार्टर’ बघा. त्या मालिकेतला जार्विस ‘एंडगेम’च्या १९७० च्या दृश्यात हॉवर्ड स्टार्कची गाडी घेऊन उभा असतो. नट तोच, नाव तेच, नोकरी तीच, धनीही तोच. ताईंच्या कसोटीने हा काठावरचा, कारण कुठली घटना आठवत नाही. तरी मी आत घेईन, कारण सिनेमांच्या जगात हाडामांसाचा जार्विस त्या मालिकेनेच आणला. त्याआधी सिनेमात होता तो टोनी स्टार्कचा, म्हणजे आयर्न मॅनचा संगणक.

अजिंक्यतारा

आणि डार्कहोल्ड? ते पुस्तक ‘एजंट्स ऑफ शील्ड’च्या चौथ्या सीझनमध्ये आहे, ‘रनअवेज’च्या तिसऱ्यात आहे, २०२१ च्या ‘वांडाव्हिजन’मध्ये आहे. शील्डमध्ये वाचणाऱ्याच्या भाषेत मजकूर आपोआप बदलतो. ‘वांडाव्हिजन’मधलं पुस्तक दिसायलाच वेगळं, आणि मधल्या प्रवासाबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. हरिपूरकर, तुमच्या नियमाने हे ‘वापरलं’ की नाही?

हरिपूरकर

नाही. नाव वापरलं, घटना नाही वापरली. शील्डचा चौथा सीझन त्याने आत येत नाही. मला ती मालिका मनापासून आवडते, तरी पुरावा ओढूनताणून आणणार नाही.

वाईचा_घाट

सगळं सिनेमावर चाललंय. लेखी फेरीत निदान दहा प्रश्न कॉमिक्सचे हवेत, आणि तिथे ‘कुठल्या साली’ हा प्रश्न विचारूच नका. कारण सांगतो.

मार्व्हलची मुख्य कॉमिक्स १९६१ च्या ‘फँटॅस्टिक फोर’पासून एकाच धाग्यात चालू आहेत, पण काळ सरकता आहे. पात्रं आपल्या गतीने म्हातारी होत नाहीत, म्हणून त्यांचा भूतकाळ त्यांच्यामागून ओढत पुढे आणावा लागतो. टोनी स्टार्क १९६३ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा व्हिएतनाममध्ये पकडला गेला. पुढे ते अफगाणिस्तान केलं. पण कुठलंही खरं युद्ध घेतलं की वीस वर्षांत ते पुन्हा जुनं होणारच. म्हणून २०१९ च्या सहा अंकी ‘हिस्टरी ऑफ द मार्व्हल युनिव्हर्स’मध्ये सियानकाँग नावाच्या काल्पनिक देशातलं युद्ध घातलं आणि ज्यांचा ज्यांचा भूतकाळ व्हिएतनामला बांधलेला होता ते सगळे तिथे नेऊन ठेवले. काल्पनिक युद्धाला तारीख नसते, त्यामुळे ते कितीही पुढे सरकवता येतं. आता ‘टोनी कुठल्या युद्धात जखमी झाला’ याची तिन्ही उत्तरं छापील अंकांतून दाखवता येतील. विचारायचंच असेल तर ‘१९६३ च्या पहिल्या गोष्टीत’ असं प्रश्नातच लिहा.

डीसीचं तंत्र उलटं. तिथे सरकवत नाहीत, पाटी पुसतात. १९६१ मध्ये ‘द फ्लॅश’च्या १२३ व्या अंकात दोन फ्लॅश भेटले आणि दुसरी पृथ्वी तयार झाली. मग पृथ्व्या वाढत गेल्या, आणि १९८५–८६ च्या १२ अंकी ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’मध्ये सगळ्यांची एक केली. पण पाटी सगळ्या मालिकांत एकाच दिवशी पुसली गेली नाही, तिथे घोळ झाला. हॉकमॅनचं बघा. क्रायसिसनंतरही तो जस्टिस लीगमध्ये वावरत होता. मग १९८९ मध्ये ‘हॉकवर्ल्ड’ने त्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि १९९० च्या नियमित मालिकेने ठरवलं की तो पृथ्वीवर आत्ता, नुकताच येतोय. मग आधी लीगमध्ये होता तो कोण? ते बुजवायला ठिगळं लावली, १९९४ च्या ‘झीरो अवर’मध्ये सगळे हॉकमॅन एकात मिसळले, त्याने गुंता आणखी वाढला. यातली चूक कथेची नाही, क्रमाची आहे. नवा आरंभ सांगायचा तर तो भूतकाळात ठेवायला हवा होता.

माहुली

फार छान लिहिलंय वाईकर. वाचनखूण साठवली.

एक मार्ग सुचतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९६६ मध्ये पुरी झाली. वेगवेगळ्या प्रांतांतल्या पोथ्या समोर ठेवून जे सगळीकडे सापडतं ते मूळ पाठात घेतलं आणि बाकीचं तळटीपांत आणि परिशिष्टात. फेकलं काही नाही. व्यास सांगतायत आणि गणपती लिहितोय ही गोष्ट लहानपणापासून घरोघरी सांगतात, तीसुद्धा परिशिष्टात आहे. म्हणून ती कुणी सांगायची थांबलं का?

तसेच तीन कप्पे करा. मूळ पाठ, परिशिष्ट, आणि वेगळी संहिता. ‘एजंट्स ऑफ शील्ड’ परिशिष्टात. ८३८ चं जग, जुने स्पायडर-मॅन सिनेमे, डीसीतले एल्सवर्ल्ड्सचे (मुख्य कथेबाहेरच्या गोष्टींचे) शिक्के असलेले सिनेमे वेगळ्या संहितेत. प्रश्न तिन्ही कप्प्यांतून काढा, फक्त कप्पा आधी जाहीर करा.

हरिपूरकर

कप्पे उत्तम आहेत काका, पण एक फरक ध्यानात ठेवावा लागेल. पोथ्यांच्या चिकित्सेत जुना पाठ जिंकतो, नवी भर बाहेर जाते. इथे अगदी उलट, नवा पाठ जिंकतो. ‘थॉर’ २०११ चा. ओडिनच्या खजिन्यात कॅमेरा सरकतो तेव्हा सगळे खडे बसवलेलं गॉन्टलेट स्पष्ट दिसतं, आणि ते उजव्या हाताचं आहे. २०१५ मध्ये ‘एज ऑफ अल्ट्रॉन’च्या श्रेयनामावलीतल्या दृश्यात खलनायक थॅनोस जे चढवतो ते डाव्या हाताचं, रिकामं. पुढे दोन वर्षं लोक दोन गॉन्टलेटचे तर्क लढवत होते. २०१७ मध्ये ‘रॅग्नारॉक’मध्ये हेला खजिन्यातून चालत जाते, ते गॉन्टलेट हाताने पाडते आणि ‘खोटं’ एवढंच म्हणते. एका शब्दात २०११ चं दृश्य कायमचं बदललं. जुना पाठ धरला असता तर आपण आजही ते खरं म्हणत बसलो असतो.

म्हणून प्रत्येक प्रश्नावर मुदतीची तारीख हवी. या तारखेपर्यंत जे प्रदर्शित झालं, त्याच्या आधारावर उत्तर.

माहुली

बरोबर. तारीख घाला. कप्पे तसेच राहू द्या.

मिरजेची_सतार

मुलाखतींचं काय? मुलं तिथूनच उत्तरं आणणार. ‘आयर्न मॅन २’ मध्ये मुखवटा घालून ड्रोनसमोर हात उगारणारा छोटा मुलगा म्हणजे पीटर पार्कर, हे पडद्यावर कुठेच नाही. चाहत्यांची कल्पना होती, २०१७ मध्ये टॉम हॉलंड आणि फायगी यांनी दुजोरा दिला.

अजिंक्यतारा

यात मी कडक आहे. मुलाखतीला उत्तर म्हणून मान नाही, कारण दोन कर्त्यांच्या मुलाखती एकमेकींना छेदतात. ‘एंडगेम’च्या शेवटी स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका) भूतकाळात पेगीकडे जाऊन राहतो. लेखकांचं म्हणणं तो मुख्य टाइमलाइनच्याच भूतकाळात राहिला, दिग्दर्शकांचं म्हणणं वेगळी फांदी फुटली. एकाच सिनेमाची माणसं! नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा बजावलं होतं की यात आपली ओवी घुसडणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो. मला वाटतं तोच दंडक इथे, मग ओवी घालणारा चाहता असो की दिग्दर्शक. पडद्यावर आहे तेवढंच अमृत.

विश्रामबाग

खूप पुढे आलो. कोलसनचा प्रश्न असा बदलतो: ‘मूळ पाठ: २०१२ च्या अ‍ॅव्हेंजर्समध्ये कोलसनला कोण मारतं?’ आणि स्वतंत्र प्रश्न: ‘परिशिष्ट: एजंट्स ऑफ शील्डमध्ये कोलसनला परत आणणाऱ्या प्रकल्पाचं नाव काय?’ उत्तर ताहिती. दोन्ही मालिकाप्रेमी आणि सिनेमाप्रेमी सोडवू शकतील आणि ‘जिवंत आहे का’ हा शब्दप्रयोगच नाही.

‘होमकमिंग’च्या सालाचा निकाल कसा लावायचा? सुरुवात २०१२ च्या लढाईनंतरच्या साफसफाईची, मग पडद्यावर ‘आठ वर्षांनंतर’ अशी पाटी. म्हणजे २०२०. अजिंक्यतारा म्हणतात तसं पडद्यावरचंच अमृत धरलं तर हे मान्य करावं लागेल!

वाईचा_घाट

पडद्यावरच्या एका पाटीविरुद्ध पडद्यावरचेच तीन पुरावे आहेत. ‘सिव्हिल वॉर’मध्ये व्हिजन म्हणतो की स्टार्कने स्वतःला आयर्न मॅन जाहीर केल्याला आठ वर्षं झाली. २००८ अधिक आठ, २०१६. ‘होमकमिंग’मध्ये ‘सिव्हिल वॉर’मधल्या विमानतळावरच्या मारामारीनंतर दोनच महिने उलटलेत. आणि ‘एंडगेम’मध्ये २०१४ मधला थॅनोसचा हस्तक एबनी मॉ नेब्युलाच्या आठवणीवरचा काळाचा शिक्का नऊ वर्षं पुढचा असल्याचं सांगतो, म्हणजे २०२३. त्यातून पाच वर्षं वजा केली की अर्धं जग नाहीसं करणारी थॅनोसची चुटकी २०१८ ची. पीटर २०१८ ते २०२३ धूळ होता. तो २०२० मध्ये शाळेत जाऊन व्हल्चर नावाच्या खलनायकाशी लढू शकत नाही. पाटी चुकली, साल २०१६.

नियमात लिहा: पडद्यावरचे पुरावे भिडले तर एकट्या पाटीपेक्षा, जिच्यावर पुढच्या गोष्टी उभ्या आहेत ती घटना वरचढ.

अजिंक्यतारा

हे मला मान्य. अमृत सगळंच, पण एकमेकांशी जुळणारं आधी.

विश्रामबाग

मग प्रश्नाचं कार्ड असं करू. वर कप्पा आणि आवृत्ती. खाली प्रश्न. मग मुदतीची तारीख. मागच्या बाजूला उत्तर, पुरावा, आणि संभाव्य दुसरं उत्तर व ते का धरायचं नाही याची एक ओळ. दुसरं उत्तर सुचत नसेल तर कार्ड दुसऱ्याकडे द्या, त्याने उत्तर न बघता सोडवायचं. त्याचं उत्तर वेगळं आलं की प्रश्न बदलायचा, माणसाला समजावत बसायचं नाही. हरकत लेखी, पुढचा प्रश्न वाचायच्या आत.

मिरजेची_सतार

पुराव्यात मिनिट-सेकंद लिहू नका. आपल्याकडच्या जुन्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या, २५ चित्रं प्रतिसेकंद. सिनेमा मुळात २४ ला असतो, म्हणून डीव्हीडी साधारण चार टक्के जोरात पळते. दोन तासांचा सिनेमा तिथे जेमतेम ११५ मिनिटांचा. ब्ल्यू-रे आणि ऑनलाइन प्रतीवर तोच प्रसंग वेगळ्या मिनिटाला सापडणार आणि हरकतीच्या वेळी शोधत बसाल. प्रसंग लिहा: कुठली जागा, कोण बोलतं, पुढचं वाक्य काय.

आणि संवादावर बेतलेल्या प्रश्नाला मूळ इंग्रजी आवाज धरा. हिंदी डबिंगमध्ये ओठांशी जुळवायला वाक्य बदलतात, आकडे आणि नावं कधी गळतात. उत्तरपत्रिकेत मात्र देवनागरीत कसंही लिहिलेलं नाव चालवा. थॅनोस, थानोस, दोन्ही बरोबर.

माहुली

नागराज-ध्रुवचेही चार प्रश्न ठेवा की. नागराज १९८६ चा, ध्रुव १९८७ चा, आपल्या स्टँडवर हिंदी अंक ढिगाने यायचे. तिथेही कप्पा लागेलच, कारण पुढे विश्वरक्षक, आतंकहर्ता आणि नरकनाशक असे नागराज वेगवेगळे झाले. कार्डावर नुसतं ‘नागराज’ लिहिलं तर हरकत आलीच म्हणून समजा.

वाईचा_घाट

ते चार मी करतो काका, अंकाच्या नावासकट.

डीसीच्या सिनेमांचं राहिलं. स्टेपनवुल्फ: २०१७ च्या ‘जस्टिस लीग’मध्ये त्याचेच पॅराडीमन (उडणारे राक्षसी सैनिक) त्याच्या भीतीवर तुटून पडतात आणि त्याला घेऊन जातात. २०२१ च्या चार तासांच्या झॅक स्नायडर आवृत्तीत वंडर वुमन त्याचं मुंडकं उडवते आणि ते डार्कसाइडच्या पायाशी पडतं. आवृत्ती लिहिल्याशिवाय हा प्रश्न वैध नाही.

‘पीसमेकर’ला जास्त सांभाळा. पहिल्या सीझनच्या शेवटी, २०२२ मध्ये, जस्टिस लीग उशिरा येऊन उभी राहते. ऑगस्ट २०२५ मध्ये दुसरा सीझन सुरू झाला तेव्हा मागच्या कथेच्या उजळणीत तिथे जस्टिस गँग (डीसीच्या नव्या जगातला संघ) दाखवली. पण रिक फ्लॅगला पीसमेकरने मारलं ही २०२१ च्या ‘द सुइसाइड स्क्वॉड’मधली घटना तशीच आहे, फ्लॅगचा बाप त्याच कारणाने पीसमेकरच्या मागे लागलाय. म्हणजे जुन्या जगातून प्रसंग निवडून उचललेत, एक आत आणि त्याला लागून असलेला दुसरा बाहेर. इथे अख्खा सिनेमा कप्प्यात टाकून चालणार नाही, प्रसंगागणिक कार्ड करावं लागेल.

हरिपूरकर

मग डीसीच्या सिनेमांची कार्डं दोघांनी करूया, एकट्याने नको. वाईकर, तुम्ही ‘मॅन ऑफ स्टील’पासून २०२३ च्या अखेरच्या ‘अ‍ॅक्वामॅन’पर्यंतची घ्या, मी ‘क्रिएचर कमांडोज’पासून पुढची घेतो. ‘पीसमेकर’चा पहिला सीझन दोघांकडे राहील, आपापली कार्डं करून मग एकमेकांची सोडवू.

वाईचा_घाट

चालेल. विश्रामबाग, मुदतीची तारीख कुठली टाकायची तेवढं आज सांगा, म्हणजे लिहायला बसतो.

विश्रामबाग

लेखी फेरीच्या आधीच्या महिन्याची शेवटची तारीख. त्यानंतर आलेला भाग कितीही मोठा असला तरी उत्तरात धरायचा नाही.